शेजाऱ्यांची सरासरी
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहराला लागून स्नाइंटन नावाची वस्ती आहे. तिथल्या टेकडीवर विटांची एक पवनचक्की उभी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी ती दुरुस्त करून पुन्हा चालू केली, ती पिठासाठी नव्हे, तर एका माणसाच्या आठवणीसाठी. त्याचं नाव जॉर्ज ग्रीन. बाप बेकरीवाला, ही चक्की त्यानंच बांधलेली. पोराला आठव्या वर्षी शाळेत घातलं आणि वर्ष-दीड वर्षात काढून कामाला लावलं. शाळा म्हणायची ती एवढीच. पुढं चक्की सांभाळता सांभाळता या गड्यानं फ्रेंच गणित्यांचे ग्रंथ कुठून मिळवले, कसे वाचले, याचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

१८२८ साली ग्रीननं वीज आणि चुंबकत्वावर एक निबंध छापला. आपल्याकडे पूर्वी कवितासंग्रह काढायचे तसा, आगाऊ वर्गणीदार गोळा करून. एक्कावन्न लोकांनी प्रती घेतल्या, किंमत साडेसात शिलिंग. त्यांतल्या बहुतेकांना आतलं काही कळलं असण्याचा संभव कमीच. वयाच्या चाळिशीत ग्रीन केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि १८४१ मध्ये वारला. त्यानंतर चार वर्षांनी विल्यम थॉमसन या तरुणाच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनच्या, हाती तो निबंध पडला आणि युरोपला त्याची किंमत कळली.

त्या निबंधात एक शब्द होता, पोटेन्शियल. आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यालाच विभव म्हणतात. तारेच्या दोन टोकांच्या विभवांत फरक असला की वीज वाहते, हे आपण शिकलेलो असतो. कल्पना ग्रीनच्या आधी लाग्रांज आणि लाप्लास यांनी मांडली होती, नाव ग्रीननं दिलं. मी कवी आहे, गणिती नाही. नाव देण्याला मी जरा जास्तच महत्त्व देतो, हे कबूल. पण नाव मिळाल्याशिवाय या विषयाचं शास्त्र झालं नसतं, असं मला वाटतं. आज त्याला विभवसिद्धान्त म्हणतात आणि त्याच्या मुळाशी एक नियम आहे. तो नियम इतका साधा आहे की रेडिओवर, फळा नसतानाही सांगता येतो.

लोखंडाचा एक पत्रा घ्या. त्याची एक कड निखाऱ्यावर धरा, दुसरी बर्फावर, आणि थांबा. काही वेळानं कुठं किती गरम ते स्थिर होईल. मग पत्र्यावरचा आतला कुठलाही बिंदू निवडा आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ काढा. त्या बिंदूचं तापमान म्हणजे वर्तुळावरच्या सगळ्या तापमानांची सरासरी. वर्तुळ लहान असो की मोठं, जोवर ते पत्र्याच्या आत आहे तोवर हे खरं. गाउसनं १८४० मध्ये या गुणधर्मावर लिहिलं. ज्या राशी असं वागतात त्यांना हार्मोनिक फंक्शन म्हणतात. हे नाव ऐकून आपल्याला पेटी आठवते आणि ते अगदीच अस्थानी नाही, कारण या नावाचं मूळ वाद्याच्या तारेच्या कंपनांपर्यंत जातं.

या नियमातून एक गंमत निघते. प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्यांची सरासरी असेल, तर आत कुणीही सगळ्यांपेक्षा वरचढ होऊ शकत नाही. सगळ्यांत गरम आणि सगळ्यांत थंड जागा कडेलाच सापडणार. कडेवर काय चाललंय ते कळलं की आतलं सगळं ठरलं. विजेला हे लागू, उष्णतेला लागू, गुरुत्वाकर्षणालाही लागू.

पण एक अट होती. लाप्लासचं समीकरण उताराच्या उताराबद्दल बोलतं. रस्ता किती चढतोय आणि तो चढ किती बदलतोय, अशी ती भाषा. त्यासाठी जमीन गुळगुळीत हवी. खडकाच्या टोकावर उतार कुठल्या दिशेनं मोजणार? एकोणिसाव्या शतकातल्या गणित्यांनी ही अट मनापासून स्वीकारली. गुळगुळीतपणा म्हणजे सभ्यपणा, असंच जणू ठरलं. मग १८७२ मध्ये बर्लिनच्या वायरस्ट्रासनं असा एक आलेख मांडला की जो कुठंही तुटत नाही, पण एकाही बिंदूवर त्याला उतार नाही. सगळा काटेकाटे. फ्रान्सचा मोठा गणिती एर्मित यानं १८९३ मध्ये एका मित्राला पत्र लिहून अशा फंक्शनांबद्दल आपल्याला वाटणारी भीती आणि किळस कळवली. असल्या आकृत्यांना राक्षस म्हणण्याची पद्धतच पडली. त्यांचा उपयोग एवढाच की एखाद्याचं प्रमेय खोटं पाडायचं असेल तर पेटीतून राक्षस काढून दाखवायचा.

अशाच एका राक्षसाची ही गोष्ट आहे.

वात्स्वाव शेर्पिन्स्की १८८२ मध्ये वॉर्सॉत जन्मला. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हतं, वॉर्सॉ रशियाच्या ताब्यात होतं आणि विद्यापीठाची भाषा रशियन होती. विद्यार्थी असताना त्याच्या निबंधाला सुवर्णपदक मिळालं आणि तो विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला जाणार होता. शेर्पिन्स्कीनं तो परत घेतला. आपलं पहिलं लेखन रशियनमध्ये छापलं जावं हे त्याला नको होतं. काही वर्षांनी, १९०७ मध्ये, तो निबंध दुसरीकडे प्रसिद्ध झाला. मी इथं जरा रेंगाळतो, कारण 'उर्दूत का लिहीत नाही?' असं मला विचारणारे अजून भेटतात. गणिताला भाषा नसते म्हणतात. गणित्याला असते.

पुढं तो ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ल्वूव शहरात प्राध्यापक झाला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा तो रशियात होता. ऑस्ट्रियाचा प्रजाजन म्हणजे शत्रू, म्हणून त्याला दूरच्या व्यात्का गावी स्थानबद्ध केलं. मॉस्कोच्या येगोरोव्ह आणि लुझिन या गणित्यांनी खटपट करून त्याला आपल्याकडे आणवलं. या धामधुमीच्या काळातच, १९१५ मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्याचं चार पानांचं एक टिपण आलं. त्यात तो त्रिकोण होता.

एक त्रिकोण काढा. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडा. मध्ये एक उलटा त्रिकोण तयार होईल, तो कापून टाका. उरले तीन छोटे त्रिकोण. त्या प्रत्येकाचं तेच करा. मग उरलेल्या नऊंचं. हे करतच राहा. दहा वेळा केलंत तर एकोणसाठ हजार एकोणपन्नास त्रिकोण हाती येतील आणि मूळ क्षेत्रफळापैकी शंभरात सहा भागही उरणार नाही. कापणं कधीच थांबवलं नाही तर क्षेत्रफळ शून्य होतं, पण जाळी शिल्लक राहते. तीच शेर्पिन्स्कीची आकृती. असे त्रिकोणात त्रिकोण इटलीतल्या काही जुन्या चर्चच्या फरशीवर बाराव्या-तेराव्या शतकातले कारागीर मांडून गेले आहेत. आपल्या मशिदी-दर्ग्यांतली दगडी जाळी मात्र वेगळी. तिथं एकच आकार त्याच मापानं पुन्हा पुन्हा येतो. इथं तो प्रत्येक वेळी निम्मा होत जातो.

दुसऱ्या महायुद्धात शेर्पिन्स्की वॉर्सॉतल्या भूमिगत विद्यापीठात शिकवत होता. १९४४ च्या उठावानंतर नाझींनी त्याचं घर आणि ग्रंथसंग्रह जाळला. त्रिकोण वाचला, कारण तो कागदावर फारसा नव्हताच.

वॉर्सॉतच १९२४ मध्ये जन्मलेल्या आणि लहानपणी कुटुंबाबरोबर फ्रान्सला गेलेल्या मँडलब्रॉटनं १९७५ मध्ये असल्या सगळ्या राक्षसांना एक नाव दिलं, फ्रॅक्टल. लॅटिनमधल्या 'फ्रॅक्टस'पासून, म्हणजे मोडलेलं, तुटलेलं. मग संगणक आले, रंगीत चित्रं आली, कॅलेंडरं आली. नेच्याचं पान, ढग, किनारपट्टी, सगळीकडे फ्रॅक्टल दिसू लागले. या चित्रांवर माझा राग नाही. पण चित्र पाहून वाहवा करणं वेगळं आणि त्या जागेत राहायला जाणं वेगळं. तिथं उष्णता कशी पसरेल, आवाज कसा जाईल, हा प्रश्न चित्रातून सुटत नाही. जिथं एकाही बिंदूवर उतार काढता येत नाही, तिथं लाप्लासचं समीकरण लिहायचं कसं?

हा प्रश्न आधी विचारला तो पदार्थविज्ञानवाल्यांनी. त्यांना गरज होती. सच्छिद्र दगडातून तेल झिरपतं, अर्धवट गोठलेल्या पदार्थातून वीज जाते. या जागा गुळगुळीत नसतात, भोकाभोकांच्या, फाट्याफाट्यांच्या असतात. १९७६ मध्ये फ्रान्सच्या द जेन यांनी, ज्यांना पुढं नोबेल मिळालं, या प्रश्नाला चक्रव्यूहातली मुंगी असं नाव दिलं. मुंगी प्रत्येक वळणावर मनाला येईल तिकडं वळते. इतक्या पावलांनंतर ती किती दूर पोचेल?

याच सुमारास, १९७७ मध्ये, एका भारतीय तरुणाचा निबंध आला. दीपक धर तेव्हा अमेरिकेत पीएच.डी. करत होते. शेर्पिन्स्कीच्या त्रिकोणाच्या सख्ख्या भावंडासारखी एक जाळी घेऊन त्यांनी दाखवलं की तिची मिती पूर्णांकात बसत नाही. रेषेची मिती एक, कागदाची दोन. या जाळीची सुमारे एक पूर्णांक छत्तीस शतांश. शब्द 'फ्रॅक्टल' अजून बाळसं धरत होता तेव्हाची ही गोष्ट. धर पुढं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तिथं त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये गेले. २०२२ मध्ये त्यांना बोल्ट्झमन पदक मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. कुलाब्याच्या समुद्राकाठी इतकी वर्षं हा माणूस काम करत होता आणि आपल्या वर्तमानपत्रांना त्याचा पत्ता लागायला पदक यावं लागलं.

दुसरं नाव आहे रम्माल रम्माल. जन्म १९५१, दक्षिण लेबनॉनमधल्या दुवैर या गावचा. शिकायला फ्रान्सला गेला आणि ग्रनोब्ल शहरात संशोधन करू लागला. मागं त्याच्या देशात यादवी पेटली होती. १९८३ मध्ये तुलूझ या सहकाऱ्याबरोबर त्यानं फ्रॅक्टलवरच्या मुंगीचा हिशेब मांडला. सपाट मैदानावर दुप्पट लांब जायला सरासरी चौपट वेळ लागतो. शेर्पिन्स्कीच्या त्रिकोणात पाचपट लागतो. पाच म्हणजे पाचच, साडेचार नाही की सव्वापाच नाही. वाटा अरुंद, सांधे एकेका बिंदूचे, म्हणून मुंगी मागं-पुढं घुटमळते. रम्माल १९९१ मध्ये वारला, चाळिशी गाठण्याआधी. फ्रॅक्टलवरच्या लोकप्रिय पुस्तकांत त्याचं नाव क्वचितच येतं.

पण पदार्थविज्ञानवाल्यांचा हिशेब म्हणजे गणित्याच्या लेखी अजून सिद्धता नव्हे. दुवा जुळला तो मुंगीमुळंच. १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, टोकियोच्या अकादमीच्या नियतकालिकात काकुतानी या गणित्यानं एक सुंदर गोष्ट मांडली होती. पत्र्यावरच्या एखाद्या बिंदूचं तापमान हवंय? तिथं एक भटकी मुंगी सोडा. ती कधी तरी कडेला पोचेल. तिथलं तापमान लिहून घ्या. असं हजारदा करा आणि सरासरी काढा. तेच त्या बिंदूचं तापमान. म्हणजे उताराचा उतार काढायची गरजच नाही. मुंगीला चालता आलं की पुरे. त्रिकोणाच्या जाळीवर ही भटकंती पक्क्या पायावर उभी केली १९८७ मध्ये जपानच्या कुसुओकांनी आणि अमेरिकेच्या गोल्डस्टाइननं, वेगवेगळी. पुढच्या वर्षी बार्लो आणि पर्किन्स यांनी ती बारकाईनं तपासली. आणि १९८९ मध्ये जुन किगामी यांनी मुंगीलाही रजा दिली. त्यांनी फक्त शेजारी मोजले.

आता कृपा करून पेन्सिल घ्या. त्रिकोणाच्या तीन टोकांना अ, ब, क म्हणा. अ उकळत्या पाण्यात, म्हणजे शंभर अंश. ब आणि क बर्फात, म्हणजे शून्य. तिन्ही बाजूंच्या मध्यबिंदूंवर तापमान किती? प्रत्येक मध्यबिंदूला चार शेजारी आहेत, दोन टोकं आणि दोन मध्यबिंदू. आणि प्रत्येक जण त्या चौघांची सरासरी असायला हवा. उत्तर येतं, अ-ब आणि अ-क यांच्या मध्यावर चाळीस, आणि समोरच्या ब-क च्या मध्यावर वीस. पडताळून पाहा. अ-ब च्या मध्याचे शेजारी शंभर, शून्य, चाळीस, वीस. बेरीज एकशे साठ, भागिले चार, चाळीस. ब-क च्या मध्याचे शेजारी शून्य, शून्य, चाळीस, चाळीस. बेरीज ऐंशी, भागिले चार, वीस.

यातून किगामींच्या कामातला तो प्रसिद्ध नियम दिसतो. मध्यबिंदू आपल्या बाजूच्या दोन टोकांकडून पाचातले दोन-दोन भाग घेतो आणि समोरच्या टोकाकडून एक. मुंगीच्या भाषेत सांगायचं तर अ-ब च्या मध्यावरून निघालेली मुंगी पाचांत दोनदा अ वर पहिल्यांदा पोचते, दोनदा ब वर, एकदा क वर. साधी तार असती तर मधलं तापमान पन्नास आलं असतं. जाळीत दूरचा तिसराही आपला वाटा उचलतो, म्हणून चाळीस.

खरी करामत पुढं आहे. आतल्या छोट्या त्रिकोणांना हाच नियम लावा, मग त्यांच्या पोटातल्या त्रिकोणांना. अ आणि चाळीसवाल्या बिंदूच्या मध्ये चौसष्ट येतात, चाळीसवाला आणि ब यांच्या मध्ये वीस. आधी काढलेले आकडे एकदाही बदलावे लागत नाहीत. नवे शेजारी आले तरी जुन्यांचा समतोल ढळत नाही. असं शेवटपर्यंत करत गेलं की पूर्ण जाळीवर एक हार्मोनिक फंक्शन उभं राहतं. कुठंही उतार न काढता, एकाही स्पर्शरेषेशिवाय. ज्याला आपण नियमाची अट समजत होतो तो गुळगुळीतपणा ही नुसती सोय होती. नियम शेजाराचा होता.

माझ्या घरात अरबीचे चार शब्द लहानपणापासून कानावर पडले, त्यांतला एक इथं आठवतो. बीजगणिताला जगभर 'अल्जेब्रा' म्हणतात, तो शब्द नवव्या शतकात बगदादला लिहिणाऱ्या अल-ख्वारिझ्मीच्या 'अल-जब्र' मधून आला. जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं. स्पेनमध्ये हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. फ्रॅक्टल म्हणजे मोडलेलं आणि अल्जेब्रा म्हणजे सांधणं. किगामींच्या कामाचं वर्णन मला तरी याहून नेमकं करता येत नाही.

अर्थात मोडलेल्या जागेत सगळंच पूर्वीसारखं चालत नाही. ढोलावर कोपऱ्यात थाप मारली तरी सगळं कातडं थरथरतं. कातड्याचा एखादा पट्टा पूर्ण स्तब्ध आणि बाकीचा एका शुद्ध सुरात घुमतोय, असं गुळगुळीत ढोलात होऊच शकत नाही. शेर्पिन्स्कीच्या त्रिकोणात होतं. तिथं असे शुद्ध सूर आहेत की जे एका छोट्याशा तुकड्यात घुमतात आणि त्याबाहेर पूर्ण शांतता. कारण तुकडा बाकीच्या जाळीला दोन-तीन बिंदूंनीच जोडलेला आहे. त्या बिंदूंवर आतले हेलकावे एकमेकांना असे छेद देतात की बाहेर काही पोचतच नाही. जपानच्या फुकुशिमा आणि शिमा यांनी १९९२ मध्ये या सुरांचा हिशेब सिद्धतेसह मांडला. रम्मालनं १९८४ मध्ये पदार्थविज्ञानाच्या वाटेनं त्यांचा माग काढलाच होता.

मला या इतिहासात आणखी एक गोष्ट आवडते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट स्ट्रिकार्ट्झ यांनी हा विषय उन्हाळ्याच्या सुट्टीत पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या हाती दिला. पदवीही न झालेली पोरं-पोरी संगणकावर आकडे काढत, काहीतरी विचित्र दिसलं की दाखवत आणि त्यातून शोधनिबंध होत. २००६ मध्ये त्यांनी या विषयावर विद्यार्थ्यांना वाचता येईल असं पुस्तक लिहिलं. ते २०२१ मध्ये वारले. हे शक्य झालं, कारण विषयाच्या दारात 'पाचातले दोन' एवढीच पाटी आहे. तेवढं गणित सातवीच्या मुलालाही येतं. आत गेल्यावर मात्र वाट बिकट होते.

किती बिकट, ते याच शेर्पिन्स्कीनं १९१६ मध्ये काढलेल्या दुसऱ्या आकृतीवरून कळतं. चौरसाचे नऊ सारखे चौरस करायचे, मधला काढून टाकायचा, उरलेल्या आठांचं पुन्हा तेच. याला शेर्पिन्स्कीचा गालिचा म्हणतात. त्रिकोणाची जाळी मोजक्या बिंदू तोडले की सुटी होते. गालिचा तसा सुटत नाही, त्याचे तुकडे कडांनी एकमेकांना भिडलेले असतात, शेजाऱ्यांची यादी कुठं संपवायची तेच कळत नाही. बार्लो आणि बास यांनी १९८९ मध्ये त्यावर मुंगी चालवून दाखवली. पण तिची चाल एकाच प्रकारची असू शकते, हे सिद्ध व्हायला २०१० उजाडलं, आणि तेही चौघांनी मिळून. सपाट मैदानावर तिप्पट दूर जायला नऊपट वेळ लागतो. गालिच्यावर संगणक दहाच्या आसपासचा आकडा देतो. त्रिकोणातल्या त्या पाचासारखा नेमका आकडा मात्र गालिच्यासाठी अजून कुणालाही सूत्रात बसवता आलेला नाही.